शब्द काही गुन्हेगार नव्हेत

यंदा गौरी जेवायच्या दिवशीची गोष्ट. पुरणाचा स्वयंपाक आटोपून सूनबाई तयार होऊन बाहेर आली आणि आमचा सहा वर्षांचा नातू ओरडला, "आजी, बघ! आईने पैठणी नेसली!"

मी सवयीने म्हटलं, "आईने नाही रे सोन्या. आई पैठणी नेसली."

तो जरा थांबला. "मग बाबा कुर्ता घातला?"

"नाही. बाबांनी कुर्ता घातला."

"मग आईने का नाही?"

मंडळी, ३५ वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग फळ्यावर किती वेळा लिहिले त्याचा हिशोब नाही. आणि त्या पोराला मी काय उत्तर दिलं? "तसंच म्हणतात."

तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीची नात मध्ये पडली. ती पुण्यात भाषाशास्त्रात एम.ए. करते. म्हणाली, "मावशीआजी, तू त्याला उगाच टोकतेस. सकर्मक धातू आहे, भूतकाळ आहे, म्हणून त्याने कर्त्याला 'ने' लावला. नियम अगदी बरोबर लावला. नेसणे हा अपवाद आहे. अपवाद लेक्सिकॉनमध्ये टाकायचे आणि पुढे जायचं."

तो 'टाकायचे आणि पुढे जायचं' माझ्या डोक्यात बसला. जेवणं झाली, गौरी गेल्या, पाहुणे पांगले, पण ते वाक्य काही जाईना. शेवटी तिच्याकडून तिच्या नोट्स मागवल्या, दोन पुस्तकं मागवली, आणि शेजारी इंग्रजीचा कोश घेऊन वाचायला बसले. आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे एका पानाला एक दुपार जायची. अडलं की रविवारी फोन. तो सगळा वाद आज इथे मांडते. ती हे वाचतेच, तेव्हा पाठीमागे बोलल्याचा आरोप नको.

आधी थोडक्यात हे जनरेटिव्ह व्याकरण म्हणजे काय ते. माणूस कधीही न ऐकलेलं वाक्य सहज बोलतो आणि समोरच्याला ते समजतंही. याचा अर्थ मनात वाक्यं पाठ केलेली नसतात, वाक्यं तयार करणारे नियम असतात. नोम चॉम्स्की यांनी १९५७ सालच्या 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या छोट्या पुस्तकात हे नियम गणितासारखे मांडून दाखवायचा घाट घातला. कल्पना मोठी आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच वाटतो. पण त्या पुस्तकात कोशाला वेगळी जागाच नव्हती. वाक्य म्हणजे अमुक अधिक तमुक, तसंच नाम म्हणजे माणूस, चेंडू वगैरे. शब्द आपले नियमाच्या शेपटाला लटकवलेले.

ते चालेना, हे लवकरच लक्षात आलं. 'झोपणे'ला कर्म नको असतं, 'देणे'ला काय दिलं आणि कोणाला दिलं हे दोन्ही लागतं. 'दगड झोपला' म्हटलं तर नियम मोडत नाही, पण मुलं हसतात. ही माहिती ज्या त्या शब्दाजवळच ठेवावी लागते. म्हणून १९६५ सालच्या 'आस्पेक्ट्स ऑफ द थिअरी ऑफ सिंटॅक्स' या पुस्तकात चॉम्स्कींनी कोशाला स्वतंत्र खोली दिली. प्रत्येक शब्दाची नोंद, नोंदीत त्याची जात, त्याला सोबतीला काय लागतं, कोणाशी त्याचं जमतं. मात्र खोली दिली ती माळ्यावरची! जे नियमात बसत नाही ते तिथे ठेवायचं. ही समजूत जुनीच होती. अमेरिकेतले थोर भाषाशास्त्रज्ञ ब्लूमफील्ड यांनी १९३३ सालीच कोश हे व्याकरणाचं परिशिष्ट, अनियमित गोष्टींची यादी, असं ठरवून टाकलं होतं. पुढे १९८७ साली दी शूल्लो आणि विल्यम्स या जोडीने तर कोशाला तुरुंगाची उपमा दिली. आत सगळे कायदा मोडणारे, आणि कायदा मोडणं एवढंच त्यांच्यात समान!

माझं भांडण आहे ते या उपमेशी. आमच्या नेसणेने असा काय गुन्हा केला?

एक वही घेऊन बसले. भूतकाळात कर्म असूनही कर्त्याला 'ने' न लावणारी क्रियापदं लिहीत गेले. ती साडी नेसली. तो धडा शिकला. तो निरोप विसरला. ती दूध प्यायली. तो खोटं बोलला. कुत्रा पोस्टमनला चावला. ती मला बाजारात भेटली. (जुन्या व्याकरणकारांनी यातली बरीच क्रियापदं हेरून ठेवली आहेत, हा शोध माझा नव्हे.) वहीचं पान भरत आलं तेव्हा नातीला फोन केला. म्हटलं, एवढे सगळे गुन्हेगार एका पानावर मावतात, आणि सगळे रोजच्या वापरातले.   हा कसला कायदा?

ती हुशार आहे. म्हणाली, "अगं, यात अर्थाची संगती आहे. पिणे, शिकणे, नेसणे, विसरणे, या क्रियांचा परिणाम करणाऱ्यावरच होतो. दूध पिणाऱ्याच्याच पोटात जातं. आपल्याकडच्या भाषांचा अभ्यास करणारे यांना इन्जेस्टिव्ह क्रियापदं म्हणतात. म्हणजे हेही नियमातच बसतं, तुझ्या शब्दांना वेगळं काही लागत नाही."

मुद्दा सुंदर आहे. मी दोन दिवस खूश होते. मग सकाळी चहाबरोबर गोळी घेताना लक्षात आलं. त्याने गोळी गिळली. त्याने भात खाल्ला. त्याने चटणी चाखली. हे कोणाच्या पोटात गेलं? दूध पिणारा 'प्यायला', मग भात खाणारा 'खाल्ला' का नाही? तिने साडी अंगावर चढवली तर 'नेसली', झगा चढवला तर 'तिने घातला'. आणि कुत्रा पोस्टमनला चावला, यात कुत्र्याच्या पोटात काय गेलं? उलट त्याच चावण्याने सुपारी चावली की लगेच 'त्याने सुपारी चावली'! अर्थाने दिशा कळते, हे मान्य. पण घर शोधायला शेवटी पाटीच वाचावी लागते.

आणखी एक गंमत बघा. म्हणणे हे आपलं साधं क्रियापद. "तो 'ये' म्हणाला" आणि "त्याने कविता म्हटली". एकच धातू, पण मनातलं सांगताना एक रूप आणि पाठ असलेलं सादर करताना दुसरं. 'तो कविता म्हणाला' असं मी वर्गात कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. शिवणेचंही तेच. लपंडावात 'तो मला शिवला', आणि शिंप्याकडे 'त्याने सदरा शिवला'. हे सगळं कुठे लिहिलेलं असणार? त्या त्या शब्दापाशीच. चार वर्षांचं पोर हे कोणी न शिकवता बरोबर बोलतं. जे ज्ञान चार वर्षांच्या पोराजवळ असतं त्याला तुम्ही अडगळ म्हणणार?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस या मंडळींत मोठी भांडणं झाली, ती वाचताना मला आमच्या स्टाफरूमची आठवण येत होती. मॅकॉली, लेकॉफ, रॉस, पोस्टल असे काही जण म्हणू लागले की शब्द हीच मुळात एक गुंडाळलेली रचना आहे. इंग्रजीतलं 'किल' म्हणजे 'जिवंत नसलेला व्हायला कारण होणे'. शब्द सोडवायचा, आत वाक्य सापडतं. आपल्याला हे लगेच पटेल, कारण मराठीत ही जोडी उघड दिसते. मरणे-मारणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे. मात्र याच सूत्राने रडणेचं राडणे होत नाही, रडवणे होतं. कळणेचं काळणे होत नाही, कळवणे होतं. वळणेचं वाळणे करायला जाल तर कपडे वाळतील! आणि मारणे म्हणजे खरोखरच 'मरायला कारण होणे' असेल, तर आमच्या काळात शाळेतली निम्मी मुलं आठवड्यातून दोनदा मेली असती. 'गुरुजींनी मारलं' यात कोणी मरत नाही. जेरी फोडर यांनी १९७० साली 'किल'च्या बाबतीत असाच आक्षेप घेतला. शनिवारी केलेल्या कृत्याने माणूस रविवारी मरू शकतो, पण म्हणून 'शनिवारी हल्ला करून रविवारी मारलं' असं एका दमात म्हणता येत नाही. शब्द उकलून केलेलं वाक्य आणि तो शब्द, हे दोन्ही सारखे वागत नाहीत.

त्याच १९७० साली चॉम्स्कींनी स्वतःच शब्दांची बाजू थोडी घेतली, नामांच्या निमित्ताने. मी ते मराठीत सांगते. कुठल्याही धातूपासून 'णं' लावून नाम होतं. त्याचं बोलणं, तिचं करणं, त्यांचं मागणं. अर्थ ठरलेला, एकही धातू तक्रार करत नाही. हे नियमाचं काम. पण त्याच धातूंपासून निघालेली दुसरी नामं घ्या. करणेपासून करणी, आणि करणी म्हणजे लिंबू-मिरची-बाहुलीचा प्रकार. बोलणेपासून बोली, म्हणजे भाषेची बोली किंवा लिलावातली बोली. बोलणेपासूनच बोलणी, म्हणजे लग्नाची बोलणी, किंवा सासूची खाल्लेली बोलणी. चढणेपासून चढण, पण पडणेपासून त्या अर्थाने पडण नाही. ही नामं नियमाने तयार करू म्हणाल तर हाती काही लागत नाही, ती कोशातूनच घ्यावी लागतात. चॉम्स्कींनी इंग्रजीतली अशीच नामं दाखवून ती कोशाच्या स्वाधीन केली. माळ्यावरची खोली थोडी रुंद झाली.

१९८१ नंतर तर शब्दांना चांगले दिवस आले. शब्दाला जे सोबती हवेत ते वाक्याच्या प्रत्येक पायरीवर दिसलेच पाहिजेत, असं तत्त्व आलं. म्हणजे वाक्याचा आराखडा शब्द ठरवणार. १९८२ साली जोन ब्रेझनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्मणी प्रयोगही वाक्यात नव्हे, कोशातच घडतो असं मांडलं. मला वाटलं, चला, न्याय झाला.

पण नाही! १९९३ साली हॅले आणि मॅरँट्झ यांनी कोशाची खोलीच मोडली. त्यातलं सामान तीन याद्यांत वाटलं आणि शब्द घडवायचं काम वाक्यरचनेकडे दिलं. २००५ साली हगित बोरेर यांनी त्याच दिशेने आणखी पुढची मांडणी केली. शब्द नुसती कल्पना आणतो, त्याचं व्याकरण त्याच्याभोवतीची रचना ठरवते. आमची नात या पंथाची. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत देते, म्हणजे अन्याय नको.

"मावशीआजी, तू स्वतः काल काय म्हणालीस? फोटो फॉरवर्ड केला. मेसेज डिलीट झाला. फॉरवर्ड, डिलीट हे शब्द तुझ्या कोशात कधी आले? कोणी त्यांचं व्याकरण तुला शिकवलं? काही नाही. 'करणे'ची रचना तयार होती, 'होणे'ची तयार होती, शब्द त्यात टाकला आणि चालायला लागला. शब्दाकडे स्वतःचं व्याकरण असतं तर त्याला आधी अर्ज करावा लागला असता."

हसू नका, हा मुद्दा मला बरेच दिवस पुरला. खरंच आहे ते. नवा शब्द आला की मराठी त्याला 'करणे' आणि 'होणे' यांच्या हाती सोपवते आणि काम भागतं. रचनेत ताकद आहे, यात वाद नाही. पण तो शब्द चार दिवस राहिला, मुरला, की काय होतं बघा. फोन केला. फोन लावला. फोन उचलला. फोन ठेवला. ब्रेक मारला किंवा लावला, पण ब्रेक केला नाही. किक मारली. तिकीट काढलं. पाहुणा आला तेव्हा बैठकीत बसला, घरचा झाला तसा त्याच्या आवडीनिवडी सुरू झाल्या. रचना त्याला आत घेते. घरात तो कसा राहील ते मात्र तिच्या हातात राहत नाही.

आणि भाषा बदलते तेव्हाही ती शब्दाशब्दाने बदलते. 'भारत सामना जिंकला' आणि 'भारताने सामना जिंकला' ही दोन्ही वाक्यं आज वर्तमानपत्रात दिसतात. जिंकणे सध्या उंबऱ्यावर उभं आहे, एक पाय आत, एक बाहेर. 'तिने साडी नेसली' हेही आता फक्त माझा नातू म्हणत नाही, चांगली शिकलेली मोठी माणसं म्हणतात. मला ते खटकतं, पण कान माझे जुने आहेत, भाषा त्यांच्यासाठी थांबणार नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की जिंकणे हललं म्हणून भेटणे हललेलं नाही. 'त्याने मला भेटलं' असं अजून कोणी म्हणत नाही. नियम एकच आणि सगळा कारभार त्याचाच असता, तर नियम हलल्याबरोबर सगळी एकदम हलली असती.

आता खुद्द चॉम्स्कींच्या १९९५ सालच्या 'मिनिमलिस्ट प्रोग्रॅम'बद्दल. त्या मांडणीत वाक्य घडवायची यंत्रणा सगळ्या माणसांची एकच, अगदी साधी. मग मराठी, हिंदी, जपानी वेगळ्या का? तर वेगळेपणा कोशात. नात लगेच म्हणाली, "कोशात म्हणजे काळ, विभक्ती वगैरे दाखवणाऱ्या छोट्या घटकांच्या नोंदीत. तुझ्या नेसणे-बिसणेत नाही." ठीक आहे, दुरुस्ती मान्य. तरी मला सांगा, मराठीला मराठी करणारं सामान ज्या खोलीत आहे, तिलाच अनियमित गोष्टींची यादी म्हणायचं, हे कुठलं तर्कशास्त्र?

आपल्याकडे हे फार पूर्वी कळलेलं होतं. बी.ए.ला संस्कृत दुय्यम विषय होता, तेव्हा पाणिनीची ओळख झाली. चॉम्स्कींनीही १९६५ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत पाणिनीचं नाव आदराने घेतलं आहे. पण सगळे कौतुक करतात ते सुमारे ४,००० सूत्रांचं. त्यांच्यासोबत सुमारे २,००० धातूंचा धातुपाठ आहे, त्याकडे कोणी वळून बघत नाही. तो धातुपाठ परिशिष्ट नव्हे, कारण त्याच्यावाचून सूत्रं चालतच नाहीत. धातू नुसते लिहिलेले नाहीत, त्यांना खुणेची अक्षरं जोडली आहेत. 'शी' म्हणजे झोपणे, तो लिहिलाय 'शीङ्'. त्या 'ङ्'वरून कळतं की याला आत्मनेपदाची रूपं. 'कृ' लिहिलाय 'डुकृञ्'. 'ञ्'वरून दोन्ही पदांची रूपं कळतात आणि 'डु'वरून एक खास प्रत्यय लागतो, त्यातून आपला रोजचा 'कृत्रिम' शब्द येतो. म्हणजे नियम कुठे लागू व्हायचा हे शब्दाची नोंद सांगते. सूत्रं आणि धातुपाठ ही एका जात्याची दोन पाळी आहेत. एका पाळीने दळण होत नाही.

तुम्ही म्हणाल, बाईंना निवृत्तीनंतर वेळ आहे, अमेरिकेतल्या पंडितांशी भांडतायत. आम्हाला काय त्याचं? तर आता जे सांगते त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

१९८६ सालची गोष्ट. मी तेव्हा आठवीला मराठी आणि हिंदी दोन्ही विषय शिकवत होते. वर्गात एक मुलगा होता, वडील बदलीवर आलेले, घरी हिंदी बोलणारा. सहामाहीच्या मराठीच्या पेपरात त्याने लिहिलं, "राजूने धडा शिकला." मी लाल शाईने काट मारली आणि समासात लिहिलं, 'व्याकरण कच्चे'. त्याच आठवड्यात हिंदीचे पेपर तपासले. आमच्या मराठी मुलांनी लिहिलेलं, "उसने किताब लाया." तिथेही काट, आणि समासात तेच, 'व्याकरण कच्चे'.

पेपर वाटल्यावर तो मुलगा उभा राहिला. म्हणाला, "बाई, हिंदीत 'उसने पाठ सीखा' बरोबर आहे. मराठीतही नियम तोच शिकवलात. मग माझं चुकलं कुठे?" मी म्हटलं, "पाठ कर." तो बसला. त्यानंतर मराठीच्या तासाला त्याचा हात वर गेलेला मला आठवत नाही.

आज इतक्या वर्षांनी कळतंय की त्याचं व्याकरण कच्चं नव्हतंच. हिंदी आणि मराठी, दोन्हींत नियम एकच. सकर्मक धातू, भूतकाळ, कर्त्याला 'ने'. फरक शब्दांत आहे. हिंदीत सीखना, पीना 'ने' घेतात, मराठीत शिकणे, पिणे घेत नाहीत. उलट मराठीत आणणे 'ने' घेतं, हिंदीतलं लाना घेत नाही, कारण लाना हे मुळात 'ले आना', आणि त्यातला आना अकर्मक! शब्दाने आपल्या पूर्वजाची चाल अजून सोडलेली नाही. विसरणे आणि भूलना मात्र दोन्हीकडे सारखे. त्या मुलाकडे नियम पक्का होता, शब्दांची यादी तेवढी दुसऱ्या घरची होती. आमच्या मुलांचंही तसंच. मी दोघांनाही एकाच शब्दात नापास केलं, आणि तो शब्दही चुकीचा होता.

शब्दांना अपवाद म्हणण्याची किंमत अशी कोणीतरी मोजतं. अपवाद म्हटलं की शिकवायची जबाबदारी संपते. नियम मी शिकवला, अपवाद तू पाठ कर, नाही केलास तर तू कच्चा. पुस्तकात नियमाला तीन पानं आणि अपवादांना एक ओळ, शेवटी 'इत्यादी' लिहून. त्या इत्यादीत सगळी भाषा असते हो! माझ्याकडच्या कोशांतही नेसणे उघडलं तर 'सकर्मक क्रियापद' एवढंच लिहिलेलं. ते 'ने' घेत नाही, हे परक्या घरच्या पोराला कळणार कुठून? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण परदेशात वाढणारी आपली नातवंडं, दुसऱ्या भाषेतून मराठीच्या शाळेत आलेली मुलं, यांना आपण अजून शब्द नुसते अर्थासकट देतो. नेसणे म्हणजे साडी घालणे, झालं. खरं तर शब्द त्याच्या संसारासकट द्यायला हवा. कोण नेसतं, काय नेसतं, काल नेसली तर वाक्य कसं होतं, हे एका पूर्ण वाक्यात. चार ओळींचं काम आहे. शिक्षकाला जमेल, कोशकाराला जमेल, आजी-आजोबांना तर नक्कीच जमेल.

मी सुरुवात केली आहे. नातवाची एक दोनशे पानी वही केली. रोज एक क्रियापद, त्याची दोन पूर्ण वाक्यं. तो वाक्य सांगतो, मी लिहिते. काल चावणे झालं. दोन्ही वाक्यं त्याने अचूक सांगितली, कुत्र्याचं वेगळं आणि उसाचं वेगळं. नियम विचारला नाही, मीही सांगितला नाही.

नात अजून पूर्ण पटलेली नाही. तिचं म्हणणं, माझ्या वहीतल्या प्रत्येक क्रियापदामागे एक अदृश्य रचना आहे आणि ती एक दिवस सापडेल. सापडू दे. तोपर्यंत वही लागणारच, आणि सापडल्यावरही कुठल्या शब्दाला कुठली अदृश्य रचना हे कुठेतरी लिहून ठेवावंच लागेल. मग ती वहीच झाली की!

तो १९८६ चा पेपर आज पुन्हा माझ्यासमोर आला तर समासात लिहीन, 'व्याकरण पक्के. शब्दांची ओळख वाढव.' अर्धा मार्क मात्र कापीन. शेवटी शिक्षिकाच ना मी.

असो. वहीला तुमचीही मदत हवी आहे. तुमच्याकडे माणूस पाणी प्यायला, प्याला की पिला? का 'त्याने पाणी पिलं'? तुमच्या गावची, तुमच्या आजीच्या तोंडची क्रियापदं पूर्ण वाक्यात कळवा. चूक-बरोबर काही म्हणणार नाही, वचन देते.